तुमचे प्रश्न : प्रोबला नेमकं काय विचारलं होतं?

मागच्या अंकात डीएनए तपासण्यांवर थोडंसं लिहिलं आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. बऱ्याच जणांनी रिपोर्टांच्या झेरॉक्सही जोडल्या आहेत. नावं आणि रुग्णालयं गाळून त्यातले काही प्रश्न इथे घेते.

माझी सगळी नोकरी परळच्या एका प्रयोगशाळेत गेली. काम एकच होतं: माणसाच्या किंवा जंतूच्या डीएनएचा धागा आणि आम्ही तयार केलेला छोटा धागा एकमेकांना चिकटतात की नाही ते बघायचं. याला संकरण म्हणतात, लॅबमध्ये सगळे हायब्रिडायझेशन म्हणतात. आपण तयार केलेल्या धाग्याचं नाव प्रोब. प्रोबला एकच प्रश्न विचारता येतो, ‘तुझ्या जोडीचा धागा इथे आहे का?’ त्यापलीकडे तो काही सांगत नाही. पत्रांमधला बराचसा घोर इथूनच सुरू झालेला दिसला. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ किंवा ‘निगेटिव्ह’ असतं, पण कशाला निगेटिव्ह, हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

प्रश्न : मी सिकलवाहक आहे (एएस). लग्नाआधी बायकोची सॉल्युबिलिटी टेस्ट केली होती, ती निगेटिव्ह आली म्हणून आम्ही निश्चिंत होतो. आता तिला नववा आठवडा सुरू आहे. नागपूरला एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी) केली तर तिचं हिमोग्लोबिन ए-टू ५.४ टक्के निघालं. डॉक्टर म्हणतात, वारेचा तुकडा काढून बाळाचा डीएनए तपासून घ्या. तिला सिकल नाहीच, तर बाळाला आजार कसा होईल? आणि एवढ्याशा तुकड्यातून कळतं तरी कसं? – एक वाचक, गोंदिया जिल्हा

उत्तर : डॉक्टर बरोबर सांगत आहेत आणि हातात आठवडे थोडे आहेत, म्हणून तुमचं पत्र सर्वांत आधी घेतलं.

सॉल्युबिलिटी टेस्टने तुमच्या पत्नीच्या रक्ताला एवढंच विचारलं होतं की यात सिकलचं हिमोग्लोबिन आहे का. ‘नाही’ हे उत्तर खरंच होतं. थॅलेसेमियाबद्दल, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाबद्दल, त्या टेस्टला कुणी विचारलंच नव्हतं. ए-टू साधारणपणे साडेतीन टक्क्यांच्या आत असतं. ५.४ म्हणजे त्या बीटा थॅलेसेमियाच्या वाहक असण्याची दाट शक्यता. सिकल आणि बीटा थॅलेसेमिया हे दोन्ही ११व्या गुणसूत्रावरच्या एकाच बीटा ग्लोबिन जनुकातले दोष आहेत. तुमच्याकडून सिकलचं जनुक आणि त्यांच्याकडून थॅलेसेमियाचं जनुक एकाच बाळात आलं, तर त्याच्याकडे धड जनुक उरत नाही. त्या आजाराला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात. पत्नीचं जनुक पूर्ण बंद पडलेल्या प्रकारचं असेल, तर असं मूल एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची असलेल्या, मुलाइतकंच आजारी असतं. ही शक्यता चारात एक, आणि दर गरोदरपणात पुन्हा तेवढीच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. डीएनएचे दोन धागे असतात, ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’ अशी अक्षरांची जोडी लागलेली. ९५ अंशांच्या आसपास तापवलं की धागे सुटतात, हळूहळू निववलं की पुन्हा जुळतात. १९६० साली हार्वर्डमध्ये ज्युलियस मार्मर आणि पॉल डोटी यांनी दाखवून दिलं की सुटलेले धागे आपापल्या जोडीदारालाच शोधून जुळतात. आमचा सगळा व्यवसाय त्या एका गोष्टीवर उभा आहे.

सिकलमध्ये ३०० कोटी अक्षरांपैकी एकच अक्षर बदललेलं असतं. सहाव्या जागी ‘जीएजी’ असायचं तिथे ‘जीटीजी’ येतं. ते ओळखायला १९८३मध्ये जी युक्ती प्रसिद्ध झाली, तिच्यात १९ अक्षरांचे दोन प्रोब वापरले होते, एक निरोगी जनुकाच्या जोडीचा आणि एक सिकलच्या जोडीचा. सदऱ्याचं मधलंच एक बटण काजात बसलं नाही तर तिथे फट राहते आणि ओढ बसली की आधी तिथेच उसवतं, तसं एक अक्षर न जुळलेला आखूड प्रोब काही अंश आधीच सुटून येतो. म्हणून धुण्याच्या पाण्याचं तापमान नेमकं असावं लागतं. जास्त झालं तर दोन्ही प्रोब वाहून जातात, कमी झालं तर दोन्ही चिकटून राहतात आणि वाहकाचा आणि रोग्याचा फरकच दिसत नाही. आमच्या वॉटर बाथचं तापमान मी कायम दुसऱ्या थर्मामीटरने पडताळून घ्यायची आणि हाताखालच्या मुलींनाही ते करायला लावायची. त्या एका अंशावर कुणाच्या तरी घरातला निर्णय ठरणार असतो.

आता प्रोब आधीच पट्टीवर ठिपक्याठिपक्याने बसवलेले असतात. बाळाच्या डीएनएच्या प्रती पीसीआर या पद्धतीने वाढवून त्या पट्टीवर सोडतात आणि जिथे जोडी जुळली तिथे ठिपका रंगतो. याला रिव्हर्स डॉट ब्लॉट म्हणतात. पुष्कळ लॅब आता एआरएमएस-पीसीआर (ठरावीक दोष शोधणारा पीसीआर) किंवा थेट सिक्वेन्सिंगही (जनुकाची अक्षरं क्रमाने वाचणं) करतात.

आणि इथेच तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सिकलचा दोष एकच आहे, पण बीटा थॅलेसेमियाचे दोष शेकडो. आपल्या पट्टीवर भारतात वारंवार दिसणारे दोष असतात: आयव्हीएस १-५, आयव्हीएस १-१, कोडॉन ८/९, कोडॉन ४१/४२, आणि ६१९ अक्षरांचा तुकडा गळालेला, जो विशेषकरून सिंधी आणि लोहाणा घरांत सापडतो. तुमच्या पत्नीचा दोष यातला नसेल, तर पट्टी तो ओळखणारच नाही. म्हणून त्यांचा दोष कोणता, हे बाळाची तपासणी होण्याआधी त्यांच्या रक्तातून कळलं पाहिजे. तुम्हा दोघांचं रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत आजच पाठवा, सोबत दोघांचे एचपीएलसी रिपोर्ट जोडा. पट्टीवर काही सापडलं नाही तर सिक्वेन्सिंग करून घ्या. आईचा दोष माहीत नसताना बाळाच्या पट्टीवर ‘नॉर्मल’ आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की तुमचा सिकल बाळात आलेला नाही आणि ते पाच-सात दोष नाहीत.

वारेचा नमुना साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात घेतात. त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली वेचून काढाव्या लागतात आणि नंतरही बाळाच्या डीएनएत आईचा डीएनए शिरला नाही ना, याची वेगळी तपासणी करावी लागते. ती केली का, हे लॅबला विचारा. चांगल्या लॅबला या प्रश्नाचा राग येत नाही. परळच्या केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था या कामात फार जुनी आहे. चंद्रपुरातही आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करा. निकाल काहीही आला तरी पुढचा निर्णय तुम्हा दोघांचा. त्यासाठी समुपदेशकाबरोबर बसायला वेळ मागून घ्या, कुणी घाई केली तरी.

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती आपल्याकडच्या घरांशी थेट जोडलेली आहे. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत यूएट वाय कान आणि आंद्रे डोझी यांनी पोटातल्या बाळाचा सिकल डीएनएवरून पहिल्यांदा ओळखला. त्यांना सिकलचं अक्षर थेट दिसत नव्हतं. एडविन सदर्न यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्लॉटवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करून प्रोबने ओळखायची पद्धत) त्यांना दिसलं ते असं: पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत सिकलचं जनुक बहुधा १३ हजार अक्षरांच्या तुकड्यावर असतं आणि निरोगी जनुक ७.६ हजारांच्या. दोनच वर्षांनी त्यांनीच दाखवलं की भारतात आणि सौदी अरेबियात सिकल ७.६ हजारांच्याच तुकड्यावर असतो. म्हणजे तीच तपासणी गडचिरोलीत किंवा नंदुरबारात केली असती, तर हाती काही लागलं नसतं. परक्या लोकांवर बसवलेली तपासणी आपल्या लोकांवर पडताळल्याशिवाय वापरू नये, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत आता गावोगाव सिकलच्या तपासणीची कार्डं मिळतात. ते मला मनापासून हवं होतं. पण लग्न ठरवताना दोघांचीही एचपीएलसी बघा. एकट्या सॉल्युबिलिटीवर विसंबू नका.

प्रश्न : २००० सालच्या सुमारास आमच्या गावात कॅन्सरच्या तपासणीला बायका आल्या होत्या. मी तेव्हा पस्तिशीची. पिशवीच्या तोंडाचा नमुना घेतला, ‘निगेटिव्ह’ म्हणाले, पुन्हा कुणी आलं नाही. ती कसली तपासणी होती? आता सून एकतीस वर्षांची आहे. तिने करावी का? – एक वाचक, तुळजापूर तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ज्या अभ्यासात होतात असं वर्णनावरून वाटतं, त्याने जगभरातल्या बायकांची तपासणी बदलली. हे तुम्हाला कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं.

ऑक्टोबर १९९९मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हे काम सुरू झालं. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ते केलं. बार्शीत १९८७पासून ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी चालू होती, म्हणून हे शक्य झालं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही विषाणूची डीएनए तपासणी, काहींत पॅप स्मिअर (पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, आणि काही गट तुलनेसाठी, त्यांना नेहमीच्या सोयींवरच सोडलेलं. तुम्ही यातल्या कोणत्या गटात होतात ते तुमच्या त्या वेळच्या कागदावर असेल. बार्शीला चौकशी करून बघा.

एचपीव्हीची तपासणी होती ती हायब्रिड कॅप्चर. त्यात नमुन्यातले डीएनएचे धागे अल्कलीने सुटे करतात आणि त्यात कॅन्सरशी संबंधित १३ प्रकारच्या एचपीव्हीशी जुळणारे आरएनएचे प्रोब सोडतात. विषाणूचा डीएनए असेल तर डीएनए आणि आरएनए यांची मिश्र जोडी तयार होते. अशा मिश्र जोडीलाच पकडणारी प्रतिद्रव्यं प्लेटच्या तळाशी बसवलेली असतात. मग त्यावर दुसरं प्रतिद्रव्य येतं, रसायन टाकलं की प्रकाश पडतो आणि यंत्र तो मोजतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघून कुणी मत द्यायचं नसतं. गावातून येणाऱ्या नमुन्यांसाठी मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण चांगली स्मिअर वाचणारी माणसं आपल्याकडे तालुक्यात तर सोडाच, जिल्ह्यातही मोजकीच असतात.

निकाल २००९ साली आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या आणि त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तुलनेच्या गटात ३१,४८८ बायका आणि ६४ मृत्यू. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. पॅप आणि व्हिनेगर या दोन्ही गटांत असा ठाम फरक दिसला नाही. त्या ६४ बायकांचा विचार मी आजही करते. तुलनेच्या गटाला तपासणी न देण्यावरून पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या बायकांमुळे जे कळलं, ते त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत पोचवणं हे आपल्यावरचं ऋण आहे.

म्हणून सुनेबद्दल माझं उत्तर स्पष्ट ‘हो’ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलं की तिशीनंतर एचपीव्ही डीएनएचीच तपासणी करावी, पाच ते दहा वर्षांच्या अंतराने. नमुना स्वतःचा स्वतःलाही घेता येतो. संकोचामुळे मागे राहणाऱ्या बायकांसाठी हे फार मोठं आहे. तिला एक मात्र आधीच सांगून ठेवा: पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. प्रोबने विषाणू आहे एवढंच सांगितलं. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. जो राहतो तो धोक्याचा, म्हणून पुढची तपासणी. आणि पॉझिटिव्ह आल्याने नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेण्याचं कारण नाही. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. माझ्याकडे आलेल्या काही घरांत कॅन्सरपेक्षा त्या संशयानेच जास्त नुकसान केलं होतं.

तुमचं स्वतःचं वय आता साठीच्या आसपास. मधल्या इतक्या वर्षांत पुन्हा काही झालं नसेल, तर तुम्हीही एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून या. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला तर त्याच आठवड्यात जा.

प्रश्न : यजमानांना टीबी आहे. सीबीनॅटमध्ये ‘रिफॅम्पिसिन रेझिस्टंट’ आलं. मग थुंकी एलपीएला पाठवली. रिपोर्टवर आहे: आरपीओबी डब्ल्यूटी८ अनुपस्थित, एमयूटी३ उपस्थित, कॅटजी डब्ल्यूटी अनुपस्थित, एमयूटी१ उपस्थित, आयएनएचए सर्व डब्ल्यूटी उपस्थित. एकदा कळलं होतं तर दुसरी तपासणी कशाला? आता चार महिने औषधं झाली, बरे झाले का बघायला तीच पट्टी परत करता येईल का? – एक वाचक, मालेगाव

उत्तर : पहिल्या यंत्राने, म्हणजे सीबीनॅटने, रिफॅम्पिसिन या एकाच औषधाचा प्रश्न विचारला होता. टीबीच्या जंतूच्या आरपीओबी जनुकात ८१ अक्षरांचा एक टापू आहे, रिफॅम्पिसिनला दाद न देणारे बहुतेक बदल तिथेच होतात. सीबीनॅटच्या नेहमीच्या काडतुसात या टापूवर पाच प्रोब असतात. ते मॉलिक्युलर बीकन जातीचे, १९९६मध्ये न्यूयॉर्कला संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी शोधलेले. जोडी मिळेपर्यंत दुमडून अंधारात राहायचं आणि मिळाली की उघडून चमकायचं, असे. पाचही चमकले तर जंतू साधा. एखादा चमकला नाही तर रेझिस्टंट. आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल त्या काडतुसाला काहीच माहीत नसतं.

एलपीएची पट्टी जास्त प्रश्न विचारते. तिच्यावर २७ रेषा असतात. डब्ल्यूटी म्हणजे साध्या जंतूशी जुळणारे प्रोब, एमयूटी म्हणजे ठरावीक बदलाशी जुळणारे. यजमानांच्या पट्टीवर आरपीओबीची आठवी साधी रेषा गेली आणि एमयूटी३ उमटली. ५३१व्या जागेवरचा हा बदल सर्वांत जास्त आढळतो आणि त्याने रिफॅम्पिसिन निकामी होतं. आयसोनियाझिडशी संबंधित कॅटजी या जनुकाची साधी रेषा गेली आणि एमयूटी१ आली, म्हणजे आयसोनियाझिडही जोरदारपणे निकामी. दोन्ही मिळून हा एमडीआर टीबी, म्हणजे दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा. दुसऱ्या तपासणीशिवाय हे कळलं नसतं आणि एक निकामी औषध चालूच राहिलं असतं.

काही जणांच्या रिपोर्टवर साधी रेषा जाते पण बदलाची कुठलीच रेषा येत नाही. त्यांनीही गोंधळू नये. जंतूत काहीतरी बदल आहे, पण त्याचा प्रोब पट्टीवर नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो रेझिस्टंटच धरतात.

बरं झालं का हे बघायला मात्र ही पट्टी नको. औषधाने मेलेल्या जंतूंचा डीएनए थुंकीत पुढे बराच काळ येत राहतो, आणि जंतू जिवंत आहे की मेलेला, हा फरक प्रोबला कळत नाही. त्यासाठी स्मिअर (थुंकी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं). कल्चरला आठवडे लागतात, पण त्यात वाढतो तो जिवंत जंतूच. महिन्याच्या महिन्याला ते करून घ्या. पट्टीवर अजून रेषा दिसते म्हणून हताश होऊन औषधं सोडलेली माणसं मी बघितली आहेत. यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवा. घरातल्या इतरांचीही, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करा.

टीबीची ही पट्टी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली मान्य केली. त्याआधी हीच गोष्ट कळायला दोन-तीन महिने जायचे आणि तेवढ्यात रोगी आणखी चार माणसांना जंतू देऊन बसायचा. गोव्यात मोल्बायो कंपनी बनवते ते ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं, त्याला २०२०मध्ये मान्यता मिळाली. जिथे वीज आणि एसी खोली नाही अशा आरोग्य केंद्रात ते पोचतं. आपल्या भागात झालेलं काम म्हणून मला त्याचं फार अप्रूप आहे.

प्रश्न : आईच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट ‘हर-टू २+, इक्विव्होकल’ असा आला. आता तोच तुकडा फिश तपासणीला पाठवायला सांगत आहेत. पहिल्यांदाच नीट का बघितलं नाही? – एक वाचक, सांगली

उत्तर : पहिल्यांदा नीटच बघितलं आहे. ‘निश्चित सांगता येत नाही’ असं लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिक असतो. पहिल्या तपासणीने पेशीच्या पृष्ठभागावर हर-टू नावाचं प्रथिन किती रंगलं ते बघितलं. शून्य आणि १+ म्हणजे नाही, ३+ म्हणजे आहे, आणि २+ मधलं. फिशमध्ये (चमकणाऱ्या प्रोबने पेशीतच केलेलं संकरण) प्रथिन सोडून थेट जनुकाच्या प्रती मोजतात. हर-टूचं जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे. त्याला केशरी-लाल चमकणारा प्रोब, आणि त्याच गुणसूत्राच्या मधल्या भागाला हिरवा. अंधाऱ्या खोलीत फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली किमान वीस पेशींतले लाल आणि हिरवे ठिपके एकेक करून मोजायचे. लाल हिरव्यांच्या दुप्पट किंवा अधिक, आणि पेशीमागे सरासरी चार किंवा जास्त लाल ठिपके, तर पॉझिटिव्ह. काही गाठींत लाल ठिपक्यांचे नुसते पुंजके दिसतात, तिथे मोजायचीही गरज उरत नाही.

पॉझिटिव्ह आलं तर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध आईच्या उपयोगाचं आहे. ते अमेरिकेत १९९८ साली आलं आणि आता भारतीय कंपन्याही बनवतात, त्यामुळे पूर्वीइतकं आवाक्याबाहेर राहिलेलं नाही. निगेटिव्ह आलं तर तेवढा खर्च आणि हृदयावरचा भार वाचतो. दोन्ही उत्तरं कामाची आहेत.

तुकड्याबद्दल एक काळजी घ्या. बायोप्सी १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये किमान सहा आणि जास्तीत जास्त ७२ तास राहिलेली हवी. नुसत्या मिठाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये घालून एसटीच्या पार्सलने दोन दिवसांनी पोचलेले तुकडे आमच्याकडे यायचे. त्यांत डीएनए इतका मोडलेला असायचा की प्रोब चिकटायला जागाच नसायची आणि आई-बहिणींना पुन्हा सुई सोसावी लागायची. मेणाचा ब्लॉक पाठवताना पोच घ्या आणि तपासणी झाल्यावर तो परत मागून घ्या. तो आईचा आहे आणि पुढेही लागू शकतो.

प्रश्न : बीएस्सीला आहे. परीक्षेत पीसीआर आणि हायब्रिडायझेशन यांतला फरक लिहायचा असतो. एकमेकांविरुद्धच्या तपासण्या आहेत का? – विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाहीत. पीसीआरचा प्रायमर डीएनएला चिकटतो तेही संकरणच. कोविडच्या आरटी-पीसीआरमध्ये बहुतेक किटांत एक चमकणारा प्रोबही होता, विषाणूच्या जनुकाशी जुळला की एन्झाइम त्याला तोडायचं आणि प्रकाश वाढायचा. पीसीआर प्रती वाढवतो, संकरण त्या ओळखतं. जुन्या सदर्न ब्लॉटमध्ये वाढवणं नव्हतं, म्हणून डीएनए भरपूर लागायचा आणि फॉस्फरस-३२ लावलेल्या प्रोबची खूण एक्स-रे फिल्मवर उमटायला काही दिवस उणे ७० अंशांच्या फ्रीजरमध्ये वाट बघावी लागायची. परीक्षेत फरक लिही, पण दोघांचा पाया मार्मर आणि डोटींचाच आहे हेही लिही.

प्रश्न : आमच्या सहा महिन्यांच्या मुलीच्या हृदयात टेट्रालॉजी ऑफ फॅलो आहे. टाळूलाही फट आहे. कॅरिओटाइप ४६ गुणसूत्रं, नॉर्मल आला. तरी आता जेनेटिक्सचे डॉक्टर फिश सांगत आहेत. पुन्हा पुन्हा रक्त काढायला जीव होत नाही. – एक आई, रत्नागिरी

उत्तर : तुमचा जीव होत नाही हे मला कळतं. तरीही ही तपासणी करा, कारण कॅरिओटाइपला हा प्रश्न पेलतच नाही. कॅरिओटाइपमध्ये गुणसूत्रं मोजतात आणि त्यांवरचे पट्टे बघतात. साधारण पन्नास लाख ते एक कोटी अक्षरांपेक्षा लहान तुकडा गळाला असेल, तर तो डोळ्यांना दिसत नाही. हृदयाचा असा दोष आणि टाळूची फट एकत्र असली की डॉक्टरांच्या मनात २२व्या गुणसूत्रावरचा एक तुकडा येतो, २२क्यू११.२. तो बहुधा तीस लाख अक्षरांचा असतो. फिशमध्ये त्या जागेसाठी एक लाल प्रोब असतो आणि त्याच गुणसूत्राच्या टोकाला खुणेसाठी हिरवा. दोन लाल, दोन हिरवे दिसले तर तुकडा जागेवर आहे. एकच लाल आणि दोन हिरवे, तर एका गुणसूत्रावरून तो गळाला आहे.

हे फिश निगेटिव्ह आलं तर एवढंच कळेल की २२वरची ती जागा शाबूत आहे. मग डॉक्टर मायक्रोअ‍ॅरे सुचवतील. तेही संकरणच, फक्त हजारो प्रोब एकाच काचेवर, सगळ्या गुणसूत्रांवर एकदम प्रश्न विचारणारे. रक्त एकदाच काढायचं असेल, तर आत्ताच विचारून घ्या की थेट मायक्रोअ‍ॅरेच करता येईल का. पुष्कळ ठिकाणी तेच आधी करतात.

आणि रिपोर्टची वाट बघत असतानाच दोन गोष्टी करा. मुलीच्या रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. या तुकड्यासोबत ते घसरतं आणि झटके येऊ शकतात. हृदयाच्या ऑपरेशनआधी सर्जनना ही शंका लेखी कळवा, कारण अशा मुलांची प्रतिकारशक्ती कमी असू शकते आणि ते तपासून होईपर्यंत त्यांना किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेलंच रक्त द्यायचं असतं. जिवंत जंतूंच्या लसीही बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. तुकडा गळालेला निघाला, तर तुम्हा दोघांचीही फिश होईल. दहातल्या साधारण एका मुलात तो आईकडून किंवा बाबांकडून आलेला असतो, बाकीच्यांत नव्यानेच गळालेला. तुमच्यात सापडला तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात शक्यता निम्मी, आणि तेव्हा नवव्या-दहाव्या आठवड्यातच जेनेटिक्सच्या ओपीडीत जायचं.